दगडोबा अस्वल आणि मधाची मुदत

एका जंगलात सगळं काही होतं. साग होते, मोह होते, बारमाही ओढा होता आणि फुल रेंज होती.

हसू नका. गोष्ट जंगलातली म्हणजे रेंज नसणार, असं कुणी सांगितलं तुम्हाला? तिथे प्रत्येकाकडे मोबाईल होता. मुंगीकडे छोटा, गव्याकडे मोठा. ते चार्जिंग कुठे करायचे, हे विचारायचं नाही. प्राणी बोलतात ते तुम्हाला चालतं, आणि चार्जिंगपाशी येऊन अडता होय? मांडी घालून बसा नीट.

तर त्या जंगलात दगडोबा अस्वल राहायचा. अंगाने धिप्पाड, मनाने भोळा. कष्टाला मागे हटणारा नव्हता हो. वारूळ फोडायला सांगा, एका दमात तीन फोडायचा. पण एका गोष्टीचा त्याला भयंकर कंटाळा होता. नेटवर काही शोधायचं म्हटलं की त्याला जांभई यायची.

"माझी नखं मोठी, बटणं बारीक," असं तो म्हणायचा.

आता हीच नखं आणि हीच बटणं. पण ग्रुपवर विचारायचं असलं की दगडोबा कसा लिहायचा ते ऐका. "सर्व थोरामोठ्यांना साष्टांग नमस्कार. सकाळ प्रसन्न जावो. लहान तोंडी मोठा घास घेतोय, राग नसावा. पण आज वार कोणता आहे, हे कुणी कृपा करून सांगू शकेल काय? आपला नम्र, दगडोबा, करवंदीच्या जाळीमागची गुहा." एवढं सगळं लिहायचा. आणि वार त्याच मोबाईलवर, वरच्या कोपऱ्यात, लिहिलेला असायचा.

एकदा तर गुहेच्या तोंडाशी बसून त्याने विचारलं होतं, "करवंदीच्या जाळीकडे ऊन आहे का?" आणि गंमत पुढेच आहे. अकरा जणांनी त्याला उत्तर दिलं होतं. त्यातले सहा जण 'नाही' म्हणाले, म्हणून उन्हात बसलेला दगडोबा आत जाऊन कांबळं पांघरून झोपला.

ग्रुपचं नाव होतं 'आपलं जंगल, आपली माणसं'. माणूस त्यात एकही नव्हता, पण नाव असंच ठेवतात.

आणि दगडोबाला एकट्याला नावं ठेवू नका. त्या जंगलाची रीतच तशी होती. काही हवं असलं की विचारायचं. विचारल्याने आपुलकी वाढते, असं सगळे मानायचे. आपलं आपण नेटवर बघणं म्हणजे शिष्टपणा. "एवढी आपण बसलोय इथे, आणि हा परस्पर बघतो? आम्ही काय मेलो का?" असं लोक म्हणायचे. त्यामुळे विचारणारे शंभर, उत्तर देणारे शंभर, आणि बघणारी अख्ख्या जंगलात एकच.

ती म्हणजे भागूकाकू साळिंदर.

भागूकाकू दगडोबाच्या शेजारच्या बिळात राहायची. म्हातारी, बारीक डोळ्यांची, चष्मा नाकाच्या टोकावर. तिला काही अडलं की ती मोबाईल काढायची, दोन मिनिटं बघायची आणि कामाला लागायची. म्हणून जंगलात तिला जरा खडूस समजत.

खडूस समजत खरे, पण गुपचूप सगळे तिलाच विचारत. दगडोबा तर दिवसातून चार वेळा.

"काकू, जरा बघून सांगता का, मोहाची फुलं किती वेळ भिजत घालायची?"

"अरे दगडोबा, हे मला लिहायला तुला जेवढा वेळ लागला ना, तेवढ्यात तुला सापडलं असतं."

"हो काकू. पण तुम्ही फार छान बघता."

काकू बघायची आणि सांगायची. मग पाठीवरचे काटे फुलवून एकटीच पुटपुटत बसायची.

आता खरी गोष्ट सुरू होते. कोण झोपलंय? उठवा त्याला.

दगडोबाच्या बायकोचं नाव चंपावती. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता. आणि त्या वर्षी चंपावतीला दिवस गेले. दगडोबाला इतका आनंद झाला की तो ओढ्याकाठच्या प्रत्येक दगडाला सांगत सुटला.

चंपावतीला डोहाळे लागले ते मधाचे. साध्या मधाचे नव्हेत. पिवळ्या कड्यावरच्या आग्या मोहोळाच्या मधाचे. वारूळ पुढे केलं तर तोंड फिरवायची. बोरं आणली तर नको म्हणायची.

"मला बाई तोच मध हवा," ती म्हणाली. "नुसता बोटभर मिळाला तरी चालेल."

"बोटभर? अगं, गाडगंभर आणतो!" दगडोबा छाती पुढे काढून म्हणाला. "तुझा हा डोहाळा मी पुरवला नाही तर नाव नाही सांगणार दगडोबा."

पण कड्यावरचा मध असा उठून आणता येत नव्हता. पूर्वी यायचा. मग एका वर्षी तिथे चेंगराचेंगरी झाली, आणि वाघसाहेबांनी मध परवाना कचेरी काढली. कचेरीत अर्ज द्यायचा. परवाना घ्यायचा. तो कड्याखालच्या वानरांना दाखवला की ती वर चढून एक गाडगं मध उतरवून देत. वर्षातून एकदाच. हुकलं की पुढच्या वर्षापर्यंत बोंबला.

कचेरीच्या खिडकीत नारबा कारकून बसायचा. जातीने खवले मांजर. स्वभावाने सज्जन, पण कुणी सलग दोन प्रश्न विचारले की अंगाचा गोळा करून घ्यायचा. मग तासभर नुसती खवली दिसायची. म्हणून त्याने खिडकीवर पाटी लावली होती : 'अर्जाची मुदत व सर्व माहिती संकेतस्थळावर. खिडकीत विचारू नये.'

चंपावती म्हणाली, "अहो, बघा की. दोन मिनिटांचं तर काम." तिने स्वतः बघितलं असतं हो, पण त्या घरात मोबाईल एकच होता आणि तो दगडोबाच्या पंजातून सुटत नव्हता.

"बघतो बघतो," दगडोबा म्हणाला.

आणि त्याने ग्रुपवर विचारलं. साष्टांग नमस्कारापासून सुरू करून.

पहिलं उत्तर टिटवीचं आलं. "मलाही हवंय. कळलं की मलाही सांगा." पाठोपाठ चाळीस जणांनी हात जोडले. म्हणजे त्यांनाही हवं होतं.

ससा म्हणाला, "मला वाटतं पौर्णिमेपर्यंत मुदत आहे."

"कशावरून?" कुणीतरी विचारलं.

"असं वाटतं."

रानडुक्कर बाजीबा मोठ्या वजनाचा गडी. तो म्हणाला, "पौर्णिमाच. माझा साडू कचेरीच्या मागेच राहतो." साडूने काय सांगितलं, हे त्याने लिहिलं नाही. मागे राहतो एवढं पुरलं सगळ्यांना. भराभर पौर्णिमा, पौर्णिमा सुरू झालं. मोराने गुलाबाच्या फुलावर सुविचार पाठवला. एका शहाण्या हरणाने लिहिलं, "कुणीतरी एकदा खात्री करून घ्या." त्यावर सगळे म्हणाले, "बरोबर आहे. कुणीतरी घ्या."

कुणी घेतली असेल खात्री? ओळखलंत.

भागूकाकूने लिहिलं, "मुदत येत्या अष्टमीपर्यंतच आहे. कचेरीच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलंय. ही लिंक."

लिंक कुणी उघडली नाही. टिटवी म्हणाली, "लिंक नको हो काकू, फोटो पाठवा." काकूने फोटो पाठवला. बाजीबा म्हणाला, "अक्षर फार बारीक आहे. थोडक्यात सांगा." काकूने सांगितलं : "अष्टमी."

"नक्की ना?" सशाने विचारलं. "कारण इकडे सगळे पौर्णिमा म्हणतायत."

काकूने आणखी लिहिलं, "बाबांनो, त्याच्याच खाली कारणही दिलंय. ते तरी वाचा." मग मोबाईल ठेवला आणि कंदमुळं उकरायला गेली. तिने हात टेकले होते.

दगडोबा विचारात पडला. त्याने बोटांवर मोजलं. पौर्णिमा म्हणणारे एकवीस, अष्टमी म्हणणारी एक. तरी मनात शंका नको म्हणून तो काकूच्या बिळाशी गेला.

"काकू, अष्टमी तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी वाचलं."

"म्हणजे कुणालाच विचारलं नाही?"

"अरे, कचेरीनेच लिहिलंय ते! कचेरीला माहीत नसेल?"

"तसं नव्हे हो," दगडोबा समजावणीच्या सुरात म्हणाला. "पण इकडे एकवीस जण आहेत, आणि तुमच्याकडे एकही नाही. जरा कुणालातरी विचारून घ्यायला हवं होतं तुम्ही."

काकूचे काटे ताठ झाले. पण तिला चंपावतीची आठवण झाली, आणि ती नरमाईने म्हणाली, "दगडोबा, ऐक माझं. उद्या अष्टमी. उद्या माझ्याबरोबर चल. मीही अर्ज द्यायला चाललेय. जाताना हाक मारते."

दुसऱ्या दिवशी काकूने खरंच हाक मारली. एकदा नाही, तीनदा. दगडोबा जागाच होता. पण आपण आज गेलो आणि खिडकी उघडीच नसली तर? लोक हसतील. एकवीस जणांचं मन मोडून म्हातारीच्या नादाला लागला म्हणतील. त्याने कांबळं डोक्यावरून ओढलं आणि घोरण्याचा आवाज काढला.

चंपावती आतून म्हणाली, "अहो, काकू बोलावतायत."

"पौर्णिमेला जायचंय," तो कांबळ्यातून म्हणाला.

"घोरणारा माणूस बोलतो कसा?" चंपावती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मग आली पौर्णिमा. सकाळपासून कचेरीपुढे ही गर्दी! ससा, टिटवी, बाजीबा आणि त्याचा तो साडूसुद्धा. दगडोबा सगळ्यांच्या पुढे. नवं कोरं गाडगं बगलेत मारून उभा.

नारबाने खिडकी उघडली आणि दचकला. "काय रे, खरंच सगळे आजच आलात?"

"मधाचा अर्ज द्यायला," दगडोबा म्हणाला.

"मुदत संपली की अष्टमीला. मी दिवसभर वाट बघत बसलो होतो. भागूबाई सोडून कुणी फिरकलं नाही."

दगडोबाने खिडकीत डोकं घातलं. "असं कसं? ग्रुपवर पौर्णिमा ठरली होती!"

"ग्रुपवर मीपण आहे," नारबा म्हणाला. "मीसुद्धा घाबरलो होतो, आपलंच चुकलं की काय. संकेतस्थळावर मीच लिहिलंय, पण म्हटलं, उगाच कशाला उघडून बघा?"

मग जो गलका झाला! सगळे एकदम प्रश्न विचारायला लागले. दोन नव्हे, दोनशे. नारबाने तत्काळ अंगाचा गोळा केला. दगडोबाने खिडकीतून पंजा घालून तो गोळा हलवला, गोंजारला, अगदी हातापाया पडला. "नारबा, बायको पोटुशी आहे हो. सात वर्षांनी दिवस गेलेत तिला. एक शिक्का मारा." गोळा हलला नाही.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून खुद्द वाघसाहेब आले. सगळे गप्प. टिटवीसुद्धा गप्प, म्हणजे बघा.

"काय भानगड आहे?" वाघसाहेबांनी विचारलं. "मुदत कधीपर्यंत होती?"

"पौर्णिमा!" सगळे ओरडले.

"साहेब, संकेतस्थळावर..." गोळ्यातून बारीक आवाज आला.

"ते कोण बघत बसणार?" वाघसाहेब म्हणाले. "एवढं जंगल खोटं बोलेल का? पौर्णिमा तर पौर्णिमा. मारा शिक्के."

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! दगडोबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. बघा, ऐकलं नाही म्हातारीचं तेच बरं केलं. हातात परवाना, बगलेत गाडगं, आणि गडी पळत सुटला पिवळ्या कड्याकडे. मागून सगळं जंगल.

कड्याखाली दोन वानरं शेंगा खात बसली होती. दगडोबाने धापा टाकत परवाना पुढे केला.

"शिक्का बरोबर आहे," वानर म्हणालं. "पण मध नाही."

"नाही म्हणजे?"

वानराने वर बोट दाखवलं. कड्याला पोळं लटकत होतं. काळं, सुकलेलं, रिकामं. एकही माशी नव्हती.

"माश्या कालच गेल्या. दरवर्षी पौर्णिमेच्या आत जातात, आणि जाताना मध फस्त करून जातात. म्हणून तर मुदत अष्टमीची असते. संकेतस्थळावर तारखेखालीच लिहिलंय ना तसं?"

"पण माझ्याकडे परवाना आहे!" दगडोबा ओरडला. "वाघसाहेबांचा शिक्का आहे!"

"मग दाखवा माश्यांना," वानर म्हणालं आणि पुढची शेंग सोलायला लागलं.

दगडोबा घरी कसा पोचला, त्याचं त्यालाच कळलं नाही. चंपावती दारातच बसली होती. तिने गाडग्याकडे बघितलं. गाडगं कोरडं ठाक. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "जाऊ द्या हो. मला काही एवढा नको होता मध." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

दगडोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा धिप्पाड गडी, पण करवंदीच्या जाळीआड बसून हुंदके देऊन रडला.

रडून झाल्यावर त्याने मोबाईल काढला.

ग्रुप नुसता पेटला होता. चूक कुणाची, याची चर्चा चालली होती. ससा म्हणत होता, "मी 'वाटतं' असं म्हटलं होतं. तसं लिहिलंय बघा." बाजीबा म्हणाला, "मी कचेरीच्या मागे साडू राहतो एवढंच म्हटलं, आणि तो राहतोच." हळूहळू सगळ्यांचं एकमत झालं. माहिती कुणाकडे होती? भागूकाकूकडे. मग तिने ती नीट सांगायला नको होती का? टिटवी म्हणाली, "एकदा सांगून गप्प बसल्या. याला काय अर्थ आहे?" हरिण म्हणालं, "मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं." बाजीबा म्हणाला, "आणि स्वतः मात्र मध घेऊन आल्या. गुपचूप."

दगडोबाला ते पटलं. दुःखात माणसाला काहीही पटतं. त्यानेही लिहिलं, "साष्टांग नमस्कार. काकूंनी जरा जोर देऊन सांगितलं असतं, तर आज माझ्या घरी ही वेळ आली नसती." आणि पाठवून दिलं.

त्याच क्षणी जाळीपलीकडे 'टिंग' असं वाजलं.

दगडोबाने वाकून बघितलं. भागूकाकू उभी होती. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात फडक्याने तोंड बांधलेलं गाडगं. चष्म्यातून ती मोबाईलवर काहीतरी वाचत होती.

दगडोबाला घाम फुटला. लिहिलेलं पुसून टाकायला हवं होतं. पण पुसायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. विचारायचं तर ग्रुपवरच विचारावं लागलं असतं.

"वाचलं मी," काकू म्हणाली. "सरक बाजूला."

ती थेट गुहेत गेली. चंपावतीला उठवून बसवलं. गाडग्याचं फडकं सोडलं. आग्या मोहोळाचा दाट, लालसर मध होता. चंपावतीने बोट बुडवून चाटलं, आणि मग तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

"आठवडाभर गाळत ठेवला होता, आज निवळला. हा घे बाई, सगळा तुझाच," काकू म्हणाली. "मला कुठे पचतो या वयात? पहिलटकरीण तू. तुझ्यासाठीच दिला होता मी अर्ज. तुझ्या नवऱ्याला तीन हाका मारल्या, तेव्हाच कळलं होतं मला, हा काही उठत नाही."

दगडोबा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याची मान खाली गेली ती वर येईना. पाया पडायला तो वाकला, तर काटे नाकाला टोचले, पण त्याने नाक मागे घेतलं नाही.

"काकू, चुकलो मी," तो म्हणाला. "फार मोठी चूक झाली. ग्रुपच्या नादी लागलो, आणि वर तुम्हालाच बोल लावला. आता बाळ यायचंय घरात. त्याला औषध कुठलं, टोचायचं कधी, सगळं बघावं लागेल. आजपासून ठरलं. कुणाला विचारायचं नाही. मी स्वतः नेटवर बघणार."

भागूकाकूचा विश्वास बसेना. तिच्या पाठीवरचे काटे एकेक करून खाली बसले. चष्मा काढून तिने डोळे पुसले.

"खरंच बघशील, दगडोबा?"

"तुमची शपथ काकू. स्वतः बघणार." दगडोबाने मोबाईल काढून दोन्ही पंजांत धरला आणि तिच्यापुढे केला. "फक्त, नेटवर बघायचं म्हणजे आधी काय करायचं असतं, ते जरा बघून सांगता का?"

तात्पर्य : प्रत्येकाने सगळं स्वतः शोधलंच पाहिजे, असं काही नाही. शेजारात एक शोधणारी काकू असली की मध घरपोच येतो. मात्र अशी काकू मिळाली, तर तिचं नाव कुणाला सांगू नये. नाहीतर सगळे तिलाच विचारत बसतात, आणि आपल्या वाट्याला बिचारीचा वेळच उरत नाही.